वायू जमातीच्या पिशव्यांसारखी रंगीत नक्षी घालून क्रोशाचा काऊल (गळ्याभोवती घालायचा गोल पट्टा) विणते आहे, पण तो पुठ्ठ्यासारखा ताठ होतोय. काय चुकतंय?

तुमचं काही चुकलेलं नाही. ती विणच मुळात पिशवीसाठी आहे. माझा पहिला काऊलही असाच झाला होता. गळ्यात घातला तर कडा हनुवटीला टोचायच्या. सगळा उसवला आणि पुन्हा सुरुवात केली.

कोलंबिया आणि व्हेनेझुएलाच्या सीमेवरच्या ग्वाहिरा द्वीपकल्पात वायू लोक राहतात (शब्द आपल्या 'वायू'सारखाच म्हणायचा). त्यांच्या पिशव्या बारीक सुईने, घट्ट मुक्या खांबांनी (सिंगल क्रोशे, म्हणजे आखूड टाके), न उलटता गोल विणतात आणि न लागणारा रंग टाक्यांच्या पोटातून पुढे नेतात. म्हणजे प्रत्येक टाक्यात जास्तीचा धागा भरलेला असतो. पिशवीला तो ताठपणा हवाच, गळ्याला नको.

म्हणून सुती दोरा सोडा आणि मऊ, बारीक लोकर घ्या. त्या लोकरीला एरवी वापराल त्याहून एक-दोन नंबर मोठी सुई धरा. एका फेरीत दोनच रंग ठेवा. हवे तेवढे रंग वापरा, पण पट्टे बदलत बदलत. पोटातला धागा ओढू नका. दहाएक टाके झाले की वीण हलकेच ताणायची, धागा आपोआप सैल होतो. एकरंगी फेऱ्यांतही तो धागा नेत राहा, नाहीतर तेवढाच भाग पातळ पडून घेर कमीजास्त दिसतो. आणि गडद धागा फिक्या टाक्यांतून डोकावतो, म्हणून रंग निवडताना छोटा तुकडा विणून उजेडात धरून पाहा.

रंग बदलताना आधीच्या टाक्याचा शेवटचा वेढा नव्या रंगाने काढायचा. एक टाका उशीर झाला की नक्षीची कड दातेरी दिसते.

माझ्या हाताला 10 सेंमीत 18 टाके बसतात. 120 टाक्यांचा घेर साधारण 67 सेंमी होतो आणि 120 ला 8, 10, 12, 24 या सगळ्यांनी भाग जातो, त्यामुळे नक्षी मध्येच तुटत नाही.

आता नक्षी. वायू विणकरांच्या भौमितिक आकृत्यांना 'कानास' म्हणतात, आणि त्यांची नावं रोज दिसणाऱ्या गोष्टींवरून आहेत: कासवाची पाठ, माशाचा डोळा. हे कळल्यापासून मला त्यांची आकृती जशीच्या तशी उचलावीशी वाटत नाही. त्यांनी कासव पाहून त्याची पाठ चौकटीत बसवली. तसं आपण आपल्या डोळ्यांसमोरचं काहीतरी बसवावं. मी चिमणीच्या पावलांचे ठसे घेतले, 12 टाक्यांत एक पाऊल. आणि कोणी विचारलं, तर तंत्र वायू लोकांकडून शिकले हे आवर्जून सांगते.

चौकटीच्या कागदावर काढताना एक ध्यानात ठेवा. उजव्या हाताने गोल विणताना मुका खांब थोडा उजवीकडे सरकतो, त्यामुळे सरळ उभी रेघ तिरकी पडते. उभ्या रेघांशी भांडत बसू नका, तिरक्या रेघांची नक्षी निवडा. माझ्या चिमणीच्या पावलांची बोटं त्यामुळेच छान पसरली.

विणून झालं की कोमट पाण्यात भिजवा, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, पिळू नका, आणि आडवा पसरून वाळवा. लोकरीचा उरलेला ताठपणा तिथे बराच उतरतो.