कोळशातले मधाळ खडे

प्रश्न : आमच्या गावाजवळ उघडी कोळसा खाण आहे. माझ्या एका विद्यार्थ्याने ओबीच्या, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडाच्या, ढिगावरून कोळशाचा तुकडा आणला. त्याच्या भेगेत मधाच्या रंगाचे, आरपार दिसणारे बारीक खडे आहेत. कोळशात सेंद्रिय खनिजेही असतात असे वाचले. हे एखादे नवे खनिज असेल का? असल्यास त्याला गावाचे नाव देता येईल का?
– एक शिक्षिका, वणी तालुका

उत्तर : ताई, तुकडा धुऊ नका आणि खडे कोरून काढू नका. कोळशाला चिकटलेला खडा आपण कुठून आलो ते सांगतो. सुटा झाला की ती ओळख पुसली जाते.

तुम्ही वाचलेले खरे आहे. जर्मनीत आर्टर्नच्या तपकिरी कोळशात अगदी असेच मधाच्या रंगाचे खनिज सापडले, मेलाइट. रसायनशास्त्रज्ञ क्लाप्रोट यांनी 1799 मध्ये त्याचे पृथक्करण केले, तेव्हा ॲल्युमिनियमसोबत एक अनोळखी सेंद्रिय आम्ल हाती लागले. मुतखड्यात असते ते कॅल्शियम ऑक्झलेटही काही कोळसा खाणींत सुंदर स्फटिकांच्या रूपात सापडले आहे. मुळात झाडापानांतून आलेला कार्बन भेगांतल्या पाण्यातल्या धातूंना भेटला की अशी खनिजे घडू शकतात. म्हणून तुमची शंका मला मनापासून आवडली.

आता घरी करता येण्याजोगे. आपोआप सुटून पडलेला कणभर चुरा पाण्यात टाका. चाखून मात्र पाहू नका. विरघळला तर तो बहुधा लोहाचा सल्फेट. आपल्या कोळशात सोनेरी पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचे खनिज, असते, त्याला हवा-पाणी लागले की असे पिवळे क्षार फुटतात. माझा पहिला संशय त्यांच्यावरच आहे. विरघळला नाही तर मिठाच्या दाट पाण्यात टाका. कोळशात सापडणारी झाडांची जुनी राळ त्यावर तरंगते, मेलाइट बुडते. पण बुडणारे सगळे मेलाइट नव्हे, गंधकही बुडते.

आणि हे त्या मुलाला नक्की विचारा : ढीग त्या जागी धुमसत होता का? आपल्याकडचे ढीग आपोआप पेटतात, आणि धूर निघतो त्या तोंडाशी गंधकाचे पिवळे खडे जमतात. कोळशाच्या आगीतून कितीही अनोखा पदार्थ निघाला, तरी आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटना आता त्याला सहसा खनिज मानत नाही, कारण आग माणसामुळे लागली नाही याची खात्री देता येत नाही. मुलांना पुन्हा त्या ढिगावर पाठवू नका. वरून घट्ट दिसणारी राख खाली पोकळ असते.

रंग आणि आकार पाहून नवे खनिज ठरत नाही. त्यातली मूलद्रव्ये किती प्रमाणात आहेत आणि अणू कसे रचले आहेत, हे क्ष-किरणांनी तपासावे लागते. आधीच्या एकाही नोंदीशी ते जुळले नाही, तरच संघटनेच्या आयोगाकडे प्रस्ताव जातो, सभासद मत देतात आणि मूळ नमुना संग्रहालयात ठेवावा लागतो. गावाचे नाव देता येते, तशी कितीतरी खनिजे आहेत. शोधणाऱ्याने स्वतःचे मात्र द्यायचे नसते.

तुकडा कोरड्या डबीत कापसात ठेवा आणि नागपूर विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागात दाखवा. सोबत चिठ्ठी हवीच : खाण कोणती, ढिगाची बाजू कोणती, तारीख काय, आणि ज्याने तो उचलला त्या मुलाचे पूर्ण नाव.