डिलीट करू नकोस

तुझा मेल रात्री साडेअकराला आला. ‘पाण्याची जुनी लाइन नडत होती म्हणून मॉडेलमधून डिलीट केली, आता एकही वॉर्निंग नाही,’ हे वाचलं आणि झोप उडाली.

वॉर्निंग गेल्या, पण लाइन गेली का? ती त्या इमारतीच्या भिंतीमागे पाण्याने भरून उभीच आहे.

डिलीट करू नकोस, डिमॉलिश कर, म्हणजे ‘निघाली’ अशी नोंद कर. आपण इमारतीचं मॉडेल ज्यात करतो त्या रेव्हिट सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पाइपला दोन नोंदी असतात: कोणत्या फेजमध्ये, म्हणजे कामाच्या टप्प्यात, आला आणि कोणत्या फेजमध्ये निघाला. दुसरी नोंद भरायचा कंटाळा आला की माणूस डिलीट दाबतो. मीही दाबलं होतं.

एक जुनं हॉस्पिटल होतं. ते चालू ठेवून मजल्यामजल्याने काम करायचं होतं. हवेच्या नव्या डक्टच्या वाटेत शंभर मिलिमीटरची एक लाइन येत होती. ‘ही निघणारच आहे’ म्हणून मी ती मॉडेलमधून उडवली. ती निघणार होती तिसऱ्या फेजमध्ये आणि स्लॅबला भोक पाडलं दुसऱ्या फेजमध्ये. पाणी खालच्या वॉर्डात उतरलं. रात्री माणसांना खाटांसकट हलवावं लागलं. आधी मी साइट इंजिनिअरला दोष दिला. तो बिचारा माझ्याच ड्रॉइंगप्रमाणे चालला होता.

आता तुझी फाइल. यादीत ‘डिमॉलिशन १’, ‘डिमॉलिशन २’ अशा फेज कशाला? पाडकाम ही वेगळी फेज नसते. जुनं ज्या फेजच्या कामात निघतं, तीच त्याची निघण्याची फेज. तात्पुरता बायपास एकाच फेजमध्ये येऊन निघणार असेल, तर दोन्ही नोंदी सारख्या. फेजचा क्रम मागाहून बदलता येत नाही, पण शेजारच्या फेज एकत्र करता येतात. आजच कर.

जुन्या मेनला, म्हणजे मुख्य पाइपला, नवी टी (तीन तोंडांचा जोड) लावली की एक्झिस्टिंगच्या, म्हणजे आधीपासून असलेल्याच्या, व्ह्यूमध्ये तेवढी फट दिसते. त्यापायी तुझी संध्याकाळ गेली, हे कळतं मला. चूक तुझी नाही. टी नवी, म्हणून जुन्या फेजला ती दिसत नाही. तेवढ्या लांबीचा पाइपचा सुटा तुकडा एक्झिस्टिंगमध्ये रेखाट, तो कशालाही न जोडता टीच्याच फेजमध्ये डिमॉलिश कर. क्लॅशमध्ये, म्हणजे काय कशावर आदळतं या तपासणीत, तो टीवर आदळेल, तेवढा बाजूला काढ.

खरी काळजी सिस्टिमची, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या पाइपांच्या जाळ्याची. सिस्टिम फेज बघत नाही, जोड बघते. निघालेली बेसिनं जोडलेली राहिली तर त्यांचा भार मेनवर मोजला जातच राहतो. जोड सोडव, राहणाऱ्या टोकाला नव्या फेजची कॅप, म्हणजे बंद करणारी टोपी, लाव. पण डिलीट करू नकोस. लाइन निघाली, हे कुणाला तरी वाचता आलं पाहिजे. काढणाराही माणूसच असतो, त्याला ड्रॉइंग लागतं.

लोक म्हणतात, माझ्या फाइली जड असतात, मी वेळ खातो. खातो. त्या रात्रीनंतर माझ्या मॉडेलमधून एकही चालू लाइन गायब झालेली नाही, आणि यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे.

कालचा बॅकअप उघड. ती लाइन कॉपी करून त्याच जागी पेस्ट कर. त्याआधी व्ह्यूची फेज एक्झिस्टिंग आहे ना, हे बघ, नाहीतर जुनी लाइन नवी म्हणून येईल. झालं की फोन कर, कितीही वाजले तरी.