गुडघा दुखतो म्हणून आलेल्या पेशंटला पोटाचं, लघवीचं, झोपेचंही विचारायचं का?

तुम्ही इंटर्नशिप करताय आणि तुम्हाला प्रश्न पडलाय, की केसपेपरवर सिस्टिमनुसार, म्हणजे श्वसन, पोट, हृदय असं एकेक घेऊन, लक्षणं लिहिताना प्रत्येकाला सगळं विचारायचं, की ‘बाकी तक्रार नाही’ असं लिहून मोकळं व्हायचं.

विचारायचं. गुडघ्याचंच सांगते. माझ्याकडे एक आजी आल्या होत्या, तक्रार एकच, गुडघे. श्वसनाचं विचारलं तर म्हणाल्या, “हल्ली जिना चढताना धाप लागते, वय झालं आता.” पोटाचं विचारल्यावर कळलं, की दोन आठवडे शौचाला डांबरासारखं काळं होतंय. गुडघ्यांसाठी वेदनाशामक गोळ्या रोज चालू होत्या. त्या गोळ्यांनी जठरात व्रण होऊन रक्त जात होतं आणि रक्त कमी झाल्यामुळे धाप लागत होती. आजींनी काही लपवलं नव्हतं. गुडघ्याचा आणि शौचाचा संबंध असेल हे त्यांच्या मनात कुठून येणार? (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, तेही विचारून लिहावं.)

विचारताना शब्द साधे ठेवा. ‘ऑर्थोप्निया’ पेशंटला कळत नाही. “रात्री किती उशा घेता? आडवं पडलं की दम लागतो का?” हे लगेच कळतं. वजनाचा आकडा आठवत नसेल तर कपडे सैल झालेत का ते विचारा. डोक्यापासून पायापर्यंत क्रम ठरलेला असला की काही राहून जात नाही, आणि बरेचसे प्रश्न तपासता तपासता विचारून होतात.

आता लिहिण्याबद्दल. ‘हृदय: नॉर्मल’ असं लक्षणांच्या या भागात लिहू नका. नॉर्मल हा आपल्या तपासणीचा शब्द आहे, इथे पेशंट काय सांगतो ते हवं. ‘छातीत दुखत नाही, धडधड नाही, पायांवर सूज नाही’ असं लिहा. उद्या पाय सुजले तर रात्रीच्या ड्यूटीवरच्या डॉक्टरला तेवढ्यावरून कळेल, की सूज नवी आहे.

जे विचारलंच नाही त्यापुढे मात्र ‘नाही’ लिहू नका, जागा रिकामी सोडा. संगणकावर मागच्या भेटीचा मजकूर जसाच्या तसा चिकटवतात त्याची मला मनापासून चीड आहे. बेशुद्ध पेशंटच्या कागदावर ‘डोकेदुखी नाही’ असं लिहिलेलं मी वाचलंय. अशा वेळी ‘पेशंट बोलण्याच्या स्थितीत नाही, माहिती मुलाकडून’ एवढं लिहावं, आणि मुलाला जे खरंच ठाऊक असेल तेवढंच.