वाचकांचे प्रश्न : बायझंटाइन कारकुनाची कमाई

प्रश्न : सहाव्या शतकातल्या कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे बायझंटाइन (पूर्व रोमन) साम्राज्याच्या राजधानीत, सरकारी कारकुनाचं घर पगारावर चालायचं का? नोकरी कशी लागायची?

उत्तर : घर चालायचं ते पक्षकारांकडून मिळणाऱ्या फीवर. पगार तुटपुंजा असे. सम्राट जस्टिनियनने ५३४ साली उत्तर आफ्रिकेत प्रीटोरियन प्रीफेक्टची, म्हणजे महसूल आणि न्याय सांभाळणाऱ्या सर्वांत वरच्या मुलकी अधिकाऱ्याची कचेरी उघडली, तेव्हाच्या फर्मानात ३९६ नोकरांची वेतनं ठरवलेली आहेत. तळच्या कारकुनाला वर्षाला ७ सोलिदस. सोलिदस म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅमचं सोन्याचं नाणं. एका रोमन पौंडात अशी ७२.

राजधानीतल्या अशाच कचेरीचं आतलं चित्र योआनिस लिडस या तिथल्या कारकुनाने लिहून ठेवलंय. जन्म ४९०, आशिया मायनरमधलं फिलाडेल्फिया. ५११ साली तो कॉन्स्टँटिनोपलला आला. राजवाड्याच्या दप्तरात जागा हवी होती. ती मिळेपर्यंत तत्त्वज्ञान शिकत राहिला. तेवढ्यात त्याच्याच गावचा झोटिकस प्रीटोरियन प्रीफेक्ट झाला आणि त्याने लिडसला लघुलेखकांत घेतलं. चुलतभाऊ तिथे आधीपासून होताच. वशिल्याशिवाय आत शिरणं अवघडच होतं, आणि लिडस हे काही लपवत नाही. झोटिकसच्या वर्षभराहून थोड्याच मोठ्या कारकिर्दीत त्याने १००० सोलिदस मिळवले. तेही सचोटीने, असं तो बजावून सांगतो. साहेबावर स्तुतिकाव्य रचलं, तर ओळीमागे एक सोन्याचं नाणं मिळालं. लग्नही साहेबानेच जमवलं. मुलीने १०० पौंड सोनं आणलं.

पण नुसत्या ओळखीवर टिकता येत नसे. लघुलेखन हवं, शिवाय उत्तम लॅटिन हवं, कारण सिनेटकडे जाणारे खटल्यांचे अहवाल त्याच भाषेत लिहावे लागत. लिडसचं लॅटिन पक्कं होतं, म्हणून त्याच्याकडे हे काम लवकर आलं. पुढे जस्टिनियनने त्याला राजधानीत अध्यापनाचीही नेमणूक दिली.

प्रश्न : मग उतारवयात तो इतका कडवट का झाला?

उत्तर : फी आटली म्हणून. साध्या अर्जामागे लघुलेखकांना पूर्वी ३७ सोलिदस मिळत. त्या जागी तांब्याची चिल्लर आली. खटले कमी झाले, कामकाज ग्रीकमध्ये गेलं, आणि लॅटिनवर बेतलेल्या त्याच्या कौशल्याची किंमत उतरली. लिडस सगळं खापर कॅपाडोशियाच्या जॉनवर, म्हणजे ५३१ ते ५४१ या काळातल्या प्रीफेक्टवर फोडतो. तो राग जपूनच वाचावा, कारण ग्रीकचा शिरकाव पाचव्या शतकातच सुरू झाला होता आणि ते लिडसच नोंदवतो. कागदाबद्दलची त्याची तक्रार मात्र नेमकी आहे : पूर्वी कचेरी उत्तम कागद वापरी आणि त्याचे पैसे घेत नसे, आता पैसे घेऊन गवतासारखा कागद देतात, वर अक्षरही गचाळ.

चाळीस वर्षांच्या सेवेनंतर तो ज्येष्ठतेने कॉर्निक्युलारियस या वरच्या पदावर पोचला. या शेवटच्या पदावर पूर्वी १००० सोलिदस हाती पडत, आणि म्हातारपणाची तजवीज त्यातूनच व्हायची. लिडसला मानाच्या पदव्या मिळाल्या, पैसा काहीच नाही.