तुझ्या तारपावाल्याबद्दल

बेटा,

तू व्हॉट्सॲपवर टाकलेली सातही चित्रं पाहिली, आधी मोबाईलवर आणि मग नातवाच्या लॅपटॉपवर मोठी करून. हात चांगलाय तुझा, रेघ थरथरत नाही, कुठल्या क्लासला न जाता एवढं येतं म्हणजे खूप झालं. पण एक सांग, हा तारपावाला तू कुठं पाहिला? आपल्या चोपडा गावात? तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य, ते वाजतं तिकडे डहाणू-जव्हारकडे, वारल्यांत, आणि तू तो इंटरनेटवरून उचलला हे मला लगेच कळलं, कारण त्याच्या हातातला तारपा फुंकल्यासारखा वाटतच नाही, काठी धरल्यासारखा वाटतो.

रागवू नको, मीही हेच केलंय. दुकानांचे बोर्ड रंगवायचो तेव्हा एका हॉटेलच्या भिंतीवर वारली लग्न काढलं, नवरानवरी, घोडा, नाचणारे, सगळं. डहाणूकडचं एक गिऱ्हाईक जेवता जेवता म्हणालं, लग्न आहे मग लग्नाचा चौक कुठंय, पालघट कुठंय? मला पालघट म्हणजे काय तेच माहीत नव्हतं! तो चौक घरातल्या सवाष्णी तांदळाच्या पिठाने काढतात, मध्ये पालघट देवी बसते आणि तिच्याशिवाय लग्नच लागत नाही. मी आपला चौकोन रिकामा दिसतो म्हणून तिथे मोर काढला होता.

वारली काढूच नको असं नाही म्हणत. जिव्या सोमा म्हशेंची चित्रं बघ, मासे पकडायच्या जाळ्याचा एकेक धागा दिसतो, कारण माणूस त्यातच जगला. तसं तू कशात जगतेस ते आधी शोध.

पोळ्याला तुझ्या घरी बैलाच्या अंगावर गेरूचे ठसे कोण मारतं? आमच्याकडे आजी मारायची, वाटी गेरूत बुडवून, आणि पोटाकडे आली की बैल कातडी थरथरवायचा म्हणून तिथला ठसा कायम फाटका यायचा, मला तोच सगळ्यात आवडायचा. तुझ्या वहीत तो अर्धा राहिलेला बैल आहे ना, त्यावर असा फाटका ठसा मारून बघ.

आणि होळीला एकदा अक्कलकुव्याकडे काठी गावाला जा, घरचं कोणीतरी सोबत घेऊन. ती होळी पहाटे पेटते, रात्रभर ढोल. बुध्या, म्हणजे नवसाचं सोंग घेतलेल्या माणसाच्या अंगभर पांढरे ठिपके, कमरेला घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचा टोप, आणि तो नाचायला लागला की ठिपके वेगळे दिसतच नाहीत, अंगावर पाऊस पडतोय असं वाटतं. लगेच मोबाईल काढू नको, फोटो काढायचाच तर विचारून काढ, लोक नवस फेडायला उभे असतात तिथे.

भिल्ल चित्रांतले ठिपके मला तिथे गेल्यावर कळले. भूरीबाईंचं नाव तुला माहीत असेल, झाबुआकडच्या पिटोलच्या, भोपाळला भारत भवन हे कलाकेंद्र बांधत होते तिथे मजुरीला होत्या, चित्रकार जे. स्वामिनाथन यांनी त्यांना कागदावर चित्रं काढायला लावली आणि २०२१ ला पद्मश्री मिळाली. त्यांनी क्लास कुठला केला होता? गावाकडे गेरू, खडू, हळद, तव्याची काजळी हेच रंग. मात्र पिठोरा या भिंतीवरच्या देवचित्रातला घोडा उचलून कुशनवर छापू नको. तो देवाचा असतो, नवसाने भिंतीवर येतो.

गेरू तूही वापर, वस्त्रगाळ करून. बाभळीचा डिंक रात्री भिजत घालायचा, कमी पडला तर रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर वाळल्यावर तडकतो, चार कागद वाया जातील, जाऊ दे. अजिंठ्याला जाशील तेव्हा (जळगावहून साठेक किलोमीटर, आणि आपण लोक पाहुणे आल्याशिवाय जात नाही) सगळे पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रापुढे गर्दी करतात, तू पहिल्या-दुसऱ्या लेणीत मान वर करून छत बघ, कमळं, हंस, फळं. काजळी सोडली तर बहुतेक रंग माती-दगडाचेच, गेरू, पिवळी माती, चुना, निळासुद्धा दगडाचाच.

आता एक काम देतो. पावसाळ्यात विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लागतील, रोज अर्धा तास नुसती बसून बघ, पेन्सिल घरी ठेव. नाव सुगरण पण विणतो नर, गवताची एकेक पाती चिरून आणतो, खोपा अर्धा झाला की पंख फडफडवून मादीला बोलावतो, आणि तिला नाही पटला तर बऱ्याचदा तो तसाच सोडून शेजारी दुसरा सुरू करतो. तुला खाली पडलेले अर्धे खोपे सापडतील. एक उचलून आण, उलगडून बघ गाठ कशी मारलीय, मग घरी येऊन आठवणीतून काढ. हे कुठल्या शैलीत काढू असं मला विचारू नको, चिडेन मी.

दिवाळीआधी ये, अर्ध्या बैलाची वही घेऊन. डिंक आणू नको, माझ्याकडे डबा भरून आहे. आणि येताना आईच्या हातचे कळण्याचे पापड आण, मागच्या वेळी विसरलीस.