सर्वांत जुनं आर्मेनियन हस्तलिखित कोणतं?

तुमचा प्रश्न असा: मेस्रोप माश्तोत्सनं आर्मेनियन लिपी तयार केली इ. स. ४०५ च्या सुमारास, मग सर्वांत जुनं हस्तलिखित थेट नवव्या शतकातलं कसं? आणि प्रत्येक ठिकाणी साल वेगळं का?

साल वेगळं येतं, कारण ‘सर्वांत जुनं’ म्हणताना जो तो वेगळ्या वस्तूबद्दल बोलत असतो.

ज्यावर साल लिहिलंय असं अख्खं पुस्तक हवं असेल, तर बहुतेक जण लाझारियन शुभवर्तमानाचं (शुभवर्तमान म्हणजे बायबलमधला येशूच्या चरित्राचा भाग) नाव घेतात. ते येरेवानच्या मतेनादारान या हस्तलिखित-संग्रहालयात आहे, क्रमांक ६२००. पुष्पिकेत, म्हणजे हस्तलिखित कुणी, कधी लिहिलं याच्या नोंदीत (आर्मेनियन शब्द ‘हिशाताकारान’), आर्मेनियन कालगणनेचं वर्ष ३३६ आहे. आपण शकात ७८ मिळवतो, तसे इथे ५५१ मिळवायचे, उत्तर ८८७. आकडे अक्षरांनीच लिहितात: वर्णमालेतली पहिली नऊ अक्षरं एकं, पुढची नऊ दहं, त्यापुढची शतकं. त्यामुळे शतकाचं अक्षर पुसट असलं, तर चूक शंभराच्या पटीत होते. दुसरी गोम वर्षाच्या लांबीची. वर्ष सरळ ३६५ दिवसांचं, लीप दिवस नाही. म्हणून वर्षारंभ दर चार वर्षांनी एक दिवस मागे सरकतो. ५५२ मध्ये तो ११ जुलैला होता, ८८७ पर्यंत एप्रिलच्या मध्यावर आला. म्हणजे ३३६ हे वर्ष एप्रिल ८८७ ते एप्रिल ८८८ असं पडतं. महिना दिलेला नसेल, तर नुसतं ‘८८७’ हे सोयीपुरतं.

काही ठिकाणी ८६२ दिसेल. ते व्हेनिसजवळच्या सान लाझारो बेटावरचं राणी म्ल्केचं शुभवर्तमान, क्रमांक ११४४. म्ल्के ही वास्पुराकान या जुन्या आर्मेनियन राज्याच्या गागिक आर्त्सरुनी राजाची राणी. तिनं ते वराग मठाला दिलं ते दहाव्या शतकात, म्हणजे दानाचा काळ आणि लेखनाचा काळ वेगळा. पुष्पिका वाचताना हाच घोळ नेहमी होतो: ती लेखनिकाची, मालकाची की बांधणी करणाऱ्याची, हे आधी ठरवायचं. कधी कधी तर नक्कल करणारा मूळ प्रतीची पुष्पिकाही तशीच उतरवून काढतो.

साल नसलेलं चालत असेल तर ‘वेहामोर’ शुभवर्तमान, मतेनादारान क्रमांक १०६८०. ते सातव्या-आठव्या शतकातलं मानतात. आर्मेनियाचे राष्ट्राध्यक्ष त्यावर हात ठेवून शपथ घेतात. हा काळ अक्षरांच्या वळणावरून काढलेला, म्हणून शतकाच्या खाली नेमकेपणा मागू नका. ‘येर्कातागिर’ ही मोठी, उभी अक्षरं शतकानुशतकं फारशी बदलली नाहीत, त्यामुळे फक्त वळणावर विसंबणं धोक्याचं.

एच्मियाद्झिन शुभवर्तमान (क्रमांक २३७४) तर एकाच पुठ्ठ्यात तीन काळ घेऊन बसलंय: मजकूर ९८९ चा, हस्तिदंती पुठ्ठे सहाव्या शतकातले आणि शेवटी जोडलेली चार चित्रं सहाव्या-सातव्या शतकातली. पूर्ण पुस्तकाला ‘सहाव्या शतकातलं’ म्हणणारी पोस्ट दिसली तर ती सरळ चूक.

याहून मागे जायचं तर पुस्तक सोडावं लागतं. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात एक पॅपिरस आहे, इजिप्तमध्ये मिळालेला. लिपी आर्मेनियन, पण भाषा चक्क ग्रीक! शब्दयाद्या, क्रियापदांची रूपं, बोलण्यातली वाक्यं. ग्रीक शिकणाऱ्या कुणा आर्मेनियनाची वही वाटावी. साधारण ६४० मधल्या अरब विजयापूर्वीचा मानतात. एकोणिसाव्या शतकात उजेडात आला, मग हरवला आणि १९९३ मध्ये पुन्हा सापडला. माझ्या मते सर्वांत मोलाचा पुरावा हाच, कारण शाईनं भराभर लिहिणाऱ्याचा हात यात दिसतो. मोठ्या शुभवर्तमानांमध्ये तो कधीच दिसत नाही.

मग चारशे वर्षांचं बाकी सगळं गेलं कुठे? लुटालूट आणि आगी आहेतच, पण खुद्द मठांनीही जुनी चर्मपत्रं वापरून टाकली. चर्मपत्र महाग, म्हणून अक्षरं खरवडून त्यावर दुसरा मजकूर लिहीत, किंवा पानं कापून नव्या पुस्तकाच्या सुरुवातीला-शेवटी राखण-पानं म्हणून शिवत. जुने तुकडे मिळतात ते मुख्यतः अशाच जागी. खरवडलेली अक्षरं अतिनील प्रकाशात किंवा वेगवेगळ्या तरंगलांबींवर घेतलेल्या छायाचित्रांत उमटतात. एकोणिसाव्या शतकात ती रसायनं लावून वर आणत. अक्षरं काही काळ दिसत, नंतर पान काळवंडून कायमचं वाया जाई.

संग्रहालयांच्या सूचीत शोधताना शीर्षकातलं शतक बघून थांबू नका. मजकूर, चित्रं, बांधणी आणि राखण-पानं यांच्या नोंदी वेगवेगळ्या वाचा, कारण तेराव्या शतकातल्या पुस्तकाची राखण-पानं त्याहून कितीतरी जुनी असू शकतात.