गट पाडण्याआधी काम नीट निवडा

सर, पहिली ते चौथी एकाच वर्गात आली म्हणून बिचकू नका. वेगवेगळ्या वयाची मुलं शेजारी असणं ही जमेची बाजू आहे. मात्र मुलं गोल बसवली म्हणजे गटकार्य झालं असं नाही. एक जण लिहितो आणि बाकीचे बघत बसतात, हे सर्रास होतं.

म्हणून काम असं द्या, जे एकट्याने उरकता येणार नाही. ५२ मधून २७ वजा करायचे आहेत. एकाकडे दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे, दुसऱ्याकडे दोन सुट्या काड्या, तिसऱ्याकडे पाटी. सात द्यायच्या आणि हातात दोनच! मग एका गठ्ठ्याचं रबर काढावंच लागतं. पाटीवाला पाचाचे चार करायला विसरला, तर बाकीचे दोघंच त्याला अडवतात. त्या क्षणी तुम्ही मध्ये पडू नका, अगदी राहवलं नाही तरी.

लेव्ह वायगॉट्स्की (१८९६–१९३४) या मानसशास्त्रज्ञाने हेच मांडलं होतं: आज मूल दुसऱ्याच्या मदतीने जे करतं, ते पुढे स्वतःचं स्वतः करू लागतं. आणि ही मदत अहिराणी किंवा पावरी अशा मुलांच्या घरच्या बोलीत होत असेल तर होऊ द्या, प्रमाण मराठीसाठी थांबवू नका.

गट तिघा-चौघांचाच ठेवा, कामं रोज बदला. उत्तर कोण सांगणार हे आधी ठरवू नका. आयत्या वेळी नाव घ्या, म्हणजे ज्याला आलंय त्याला इतरांना समजावून द्यावंच लागतं.